श्वासाचा पाइप

"दोर धर वो लीला..."

लहानपणी रोज सकाळी मी या हाकेने जागी व्हायचे. लीला म्हणजे माझी आई, लीलाबाई. हाक मारणारी माझी मोठमाय मंदाबाई, बाबांच्या मोठ्या भावाची बायको. दोघी जावा अंगणातल्या विहिरीचं पाणी ओढायच्या आणि मोठमाय गुणगुणायची,

दोर वो दोर, दोर पाण्यात गेला,
पाण्यातला चांद माझ्या बादलीत आला.

मी पहिलीत असताना ती त्याच विहिरीत मेली. पडलेली बादली काढायला दोराने खाली उतरली आणि दोर तुटला. वर दोर धरून आई एकटीच होती. आम्हाला एवढंच सांगितलं होतं.

पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं. पटत नसेल त्याने भर दुपारी गोंदियाजवळ कुडव्याला आमच्या घरी यावं. मी मात्र त्या वेळी सोबत बसणार नाही.

२०२४ चा मे महिना होता. बुद्धपौर्णिमा जवळ आलेली. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टी होती, आणि घरचे नळ खोकत होते. टाकी भरलेली असली तरी बाथरूमचा नळ आधी खोकायचा, मग बोटाएवढी धार यायची. बंद केला तरी थेंब थांबत नव्हता.

जवळच्या मुर्री गावच्या घनश्याम प्लंबरला फोन लावला. "निघालो ताई, चौकातच आहो," म्हणाला. त्या चौकातून आमच्या घरी पोचायला त्याला बरेच दिवस लागले.

आला तेव्हा आई विहारात गेली होती. त्याने नळ खोलून पाहिला. म्हणाला, वॉशर बदलून भागणार नाही, लाइन सडली आहे, आत हवा भरून राहिली आहे. नवी लाइन पेरूच्या झाडाखालून टाकावी लागेल.

तिथे जमिनीतून गुडघ्याएवढा एक जुना लोखंडी पाइप वर आलेला होता. तोंड उघडं. लहानपणापासून मी त्यावर फडकी वाळवलेली.

"हा कायचा होय? मोठ्या मानसाले विचारून घ्या न," घनश्याम म्हणाला.

मी म्हटलं, कापून टाका.

आरी अर्ध्यात गेली आणि तो थांबला. घराच्या दाराकडे बघत राहिला.

"आत कोन हाय ताई?"

"कोणी नाही."

त्याने भराभर पाइप कापला, कॅप लावली, वर सिमेंट थापलं. लाइन जोडली आणि चहा न घेताच निघाला. त्याचा पाना पेरूखालीच राहिला.

संध्याकाळी आई आली. चपला न काढता त्या सिमेंटसमोर उभी राहिली.

"श्वास होता वो तो तिचा," ती म्हणाली.

मग कळलं. मोठमाय गेल्यावर विहीर बुजवताना बाबांनी तिच्यावर तो पाइप सोडला होता. बुजवलेल्या विहिरीला श्वास घ्यायला वाट ठेवतात आणि ती वाट कधी बंद करत नाहीत. मी म्हटलं, उद्या उघडून घेऊ.

घनश्यामचा फोन बंद.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लाइट गेली. पंखा थांबला. घर इतकं शांत झालं की...

बाथरूममधून श्वास ऐकू आला.

थेंब नव्हता. धार नव्हती. कोणीतरी लांब श्वास आत ओढत होतं. टाकीखालचा कॉक मी स्वतः बंद केला होता.

मग खूप खाली, दगडावर लोखंडी बादली आपटली.

आमच्या घरात सगळ्या बादल्या प्लास्टिकच्या आहेत.

मग रहाटाची कुरकुर... थांबत... पुन्हा...

मी बाथरूमचं दार ढकललं. आत आई उभी होती. हात पुढे, मुठी एकामागे एक, अंग मागे झुकलेलं. तिच्या हातांना काहीतरी जड लटकत होतं.

मला मात्र तिथे काहीच दिसत नव्हतं.

आवाज थांबला. आईच्या मुठी उघडल्या नाहीत.

गरम पाणी झालं, तेल झालं. गोंदियाच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी भात भरवायचे, ती दोन घास घ्यायची. पाण्याचा पेला जवळ नेला की तोंड फिरवायची. त्या उन्हात तिचे ओठ फाटले. डॉक्टर म्हणाले, भरती करा, नाहीतर हातची जाईल.

आई उंबरा ओलांडेना.

"मी गेली त कोन धरन?"

मी स्कूटी काढली आणि मुर्री गाठली. घनश्याम ओसरीवर बसून होता. त्याची बायको रीता म्हणाली, तुमच्याकडून आल्यापासून कामावरच गेले नाहीत, मलेच रोज तोंड पाहा लागते. मी पाना पुढे केला. त्याने हात लावला नाही. मग मी आईच्या मुठींचं सांगितलं.

"मायचं नाव का हाय?"

"लीलाबाई."

त्याचा चेहरा उतरला. माझ्या हातातला पाना घेऊन तो उठला.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्याने सिमेंट फोडलं. आई आपणहून पेरूखाली आली. पान्याने त्याने कॅप फिरवली...

पाइपने श्वास घेतला.

भोवतालची वाळकी पानं सरकत सरकत पाइपकडे गेली, उठली आणि एकेक करून आत ओढली गेली. मग सगळं शांत झालं.

घनश्याम जमिनीकडे बघत बोलला.

"त्या दिवशी सांगितलं नाही ताई. पिऊन हाय म्हनान म्हनून. आरी अर्ध्यात होती न, तवा आतून बाईचा आवाज आला... दोर धर वो लीला."

मोठमायच्या तोंडून ही हाक ऐकलेली माणसं आता दोनच उरली होती. आई आणि मी.

आईने आपल्या मुठींकडे पाहिलं. एकेक बोट सुटत गेलं. दोन्ही तळव्यांवर दोराचे वळ होते. लाल. ओले.

तिने पाणी मागितलं. मी पेला दिला. अर्धं पाणी तिने पाइपात ओतलं आणि कान देऊन उभी राहिली. आम्हीही ऐकत होतो.

खाली पडल्याचा आवाज आला नाही.

उरलेलं पाणी ती घटाघटा प्यायली. पेला माझ्या हातात दिला, आणि इतक्या वर्षांनी म्हणाली,

"दोर तुटला नव्हता, अल्का. म्या सोडला."