रुपेरी अंतरपाट

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरील ‘अरुंधती’ वसाहतीत पहिलेवहिले लग्न व्हायचे होते, आणि नेमक्या त्याच सकाळी सभागृहाच्या चार भिंतींपैकी तीन भिंतींना ऊब देणारे प्रारणतापन बंद पडले. तापनप्रमुख दमयंती रेगे याच वधूच्या आई. विवाह उबदार यंत्रकक्षात पाचसहा माणसांत उरकावा, इतरांनी तो पडद्यावर पाहावा, असे नियंत्रक तावड्यांनी सुचवले. दमयंतीबाईंना ते पटेना. ज्यांनी लेकीला, मृण्मयीला अंगाखांद्यावर खेळवले, त्यांनी अक्षता काय पडद्यावर टाकायच्या?

त्यांनी उपासनीकाकांना गाठले. हे वयोवृद्ध भौतिकशास्त्रज्ञच लग्न लावणार होते. काकांनी तावड्यांना सावकाश समजावले की, येथे हवा मुद्दाम तापवलीच जात नाही. उबदार भिंतीतून निघालेली प्रारणे सरळ रेषेत अंगावर येतात. अंगातूनही तशीच प्रारणे भिंतीकडे जातात. सारा मामला देवाणघेवाणीचा.

“गार भिंत आपली ऊब घेते आणि परत मात्र फार थोडी देते,” काका म्हणाले, “म्हणून हुडहुडी भरते. तिला चकचकीत पापुद्रा लावा. आपलंच आपल्याला परत मिळेल.”

तावडे राजी झाले, पण एका अटीवर. वधूच्या गालाचे तापमान दाखवणारा काटा तांबड्या रेषेखाली उतरला, की सभागृह रिकामे करायचे.

मग सारी वसाहत शिड्यांवर चढली. मालवाहू यानांची रुपेरी वेष्टने तिन्ही भिंतींवर झळकू लागली. उरलेल्या तुकड्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखून त्याचाच अंतरपाट केला.

मंगलाष्टके सुरू झाली. काटा स्थिर होता. शेवटचे मंगलाष्टक आले आणि दमयंतीबाईंच्या एकदम लक्षात आले. लेकीच्या मुखासमोरचा अंतरपाट हाही आरसाच होता. तो आता दूर होणार होता, आणि हे त्यांनी हिशेबात धरलेच नव्हते. दोन चरणांमधल्या विरामात त्या काकांच्या कानाशी लागल्या.

“काका, अंतरपाट धरूनच ठेवा. आरसा गेला तर काटा उतरेल.”

काका मंद हसले. “अगं, आरसा तिचंच तिला परत देतो. पण त्याच्यापलीकडे काही भिंत उभी नाही, माणूस उभा आहे. तो स्वतःचं देईल.”

‘सावधान’चा घोष झाला. अंतरपाट सरला. चंद्राच्या क्षीण गुरुत्वाकर्षणात अक्षता कापसासारख्या तरंगत, रेंगाळत दोघांच्या मस्तकांवर उतरू लागल्या.

काटा हलला नाही. मृण्मयीने जे दिले, ते समोर उभ्या भार्गवने घेतले. त्याने तितकेच तिला दिले. कोणाचेच काही उणे झाले नाही. दमयंतीबाईंचे डोळे भरून आले.

तोच काटा केसभर वर सरकला.

तावड्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “दमयंतीबाई, यंत्र बिघडलं की काय?”

दमयंतीबाईंनी भार्गवकडे पाहिले. नवरदेव कानशिलांपर्यंत लालेलाल झाले होते.

“यंत्र ठीक आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “आमचे जावई लाजलेत.”