मेलेल्या पाण्यातलं जहाज

वारा होता. खोटं कशाला सांगू, मस्त वारा होता. ‘समुद्रमैना’च्या तिन्ही डोलकाठ्यांवरची शिडं टम्म फुगली होती, दोर करकरत होते, आणि जहाज मात्र रस्त्यात बसकण मारलेल्या म्हशीसारखं ढिम्म!

“पुन्हा बघ!” मी ठोकळ्यावर ओरडले. ठोकळा म्हणजे आमचा यंत्रमानव (माणसाची कामं करणारं यंत्र).

“वाऱ्याचा वेग उत्तम. जहाजाचा वेग रांगत्या बाळाइतका. वेगमापक बिघडला असण्याची शक्यता आहे.”

“वेगमापक नाही, तुझं डोकं बिघडलंय! समोर बघ की!”

समोर लांबवर पाण्यात एक नारिंगी ठिपका दिसत होता. त्यात माझी आई होती.

मी शाल्मली मोंडकर. आई सागरशास्त्रज्ञ (समुद्राचा अभ्यास करणारी), म्हणून मी या जहाजावर. इथे संशोधक म्हणून राहायचं म्हणजे सकाळी पाण्याचे नमुने, दुपारी शिडाचे दोर आणि संध्याकाळी भांडी, मग तुम्ही कितीही शिकलेले असा. जहाजाला इंजिन नाही. देवमाशांचे आवाज ऐकायचे तर इंजिनची घरघर चालत नाही.

त्या दिवशी आई बुडगोळ्यातून (खोल पाण्यात उतरायच्या गोल यानातून) खाली गेली आणि प्रवाहाने वाहत जाऊन भलतीकडेच वर आली. गोळ्याचं झाकण पाण्याच्या पातळीवर होतं. उघडलं तर समुद्र आत! होडीने जाऊन उपयोग नव्हता, कारण गोळा उचलायला जहाजावरची यारीच (जड ओझी उचलणारं यंत्र) लागते. आतली हवा सूर्य मावळेपर्यंत पुरणार होती, आणि सूर्य केव्हाच कलला होता.

कप्तान जुबेदा मुकादम रत्नागिरीकडच्या. खलाशांची त्यांच्यापुढे बोबडी वळते, पण मी त्यांना चाची म्हणते. चाचींनी माणूस पाण्यात उतरवून जहाजाचा तळ तपासला. जाळं नाही, शेवाळ नाही, काही नाही. सुकाणू फिरवलं तरी जहाज दाद देईना.

“या अल्ला, समुद्राने पाय धरलेत काय माझे?” चाची पुटपुटल्या.

तेवढ्यात बिनतारी यंत्रावर आईचा आवाज आला. बोललं की हवा जास्त लागते, म्हणून ती एवढंच म्हणाली, “शालू, वरचं पाणी चाख.” आणि बंद.

मी बादली सोडून पाणी वर ओढलं आणि चाखलं. अहो, गोडं! साखरेसारखं नव्हे, नदीसारखं. भर समुद्रात मीठ अगदी नावाला! ठोकळ्याने नळी खाली सोडली. वरचा थर गोडा, आणि बरोबर जहाजाच्या तळाशी एकदम खारं पाणी.

“पावसाळा आत्ताच सरलाय,” चाची म्हणाल्या. “गंगेचं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत इथवर येतं. एवढं मलाही ठाऊक आहे गो. पण गोड्या पाण्यात जहाज चालत नाही, असं कुठे लिहिलंय? तुझे ओठ बघ कसे सुकलेत. जा, घोटभर पाणी पी आधी.”

मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर कोकम सरबताची बाटली होती. कुणीतरी पाकावर पाणी ओतून ढवळायला विसरलं होतं. खाली लाल पाक, वर स्वच्छ पाणी. जहाज जरासं हललं. वरचं पाणी जेमतेम थरथरलं, पण आत? लाल पाकाचा हा एवढा मोठा उंचवटा उठला आणि सावकाश, आळसटल्यासारखा पलीकडे गेला.

मी बाटली घेऊन वर धावले.

“चाची, लाट फक्त पाण्याच्या वरच उठते असं नाही! हलकं पाणी आणि जड पाणी भेटतात तिथेही उठते. ही बघा, अंतर्लाट (पाण्याच्या पोटातली लाट). आपला तळ नेमका त्या सीमेवर आलाय. वारा जहाजाला ढकलतो, जहाज खालच्या जड पाण्याला ढकलतं, आणि वाऱ्याची सगळी ताकद ती लाट उचलण्यात जाते. आपण जहाज चालवत नाही, लाट ओढतोय!”

“माहिती जुळते,” ठोकळा म्हणाला. “यास मृतजल (मेलेलं पाणी) म्हणतात.”

“हे आत्ता सांगतोस?”

“आधी कोणी विचारले नाही. अंतर्लाट धीमी असते. जहाज तिच्यापेक्षा वेगाने गेले तर सुटते.”

“आणि लाट धरून बसलीय तोवर वेग यायचा कुठून?” चाची म्हणाल्या.

मी बाटलीकडे बघितलं. हातात स्थिर धरल्यावर आतला लाल उंचवटा बसला होता.

“थांबायचं,” मी म्हटलं. “शिडं उतरवायची. लाट पुढे निघून जाईल. मग पाठीवर वारा घेऊन सगळी शिडं एकदम चढवायची, आणि नवी लाट उभी राहायच्या आत पळायचं.”

“पाठीवर वारा घ्यायचा म्हणजे तोंड फिरवावं लागेल. तुझ्या आईपासून लांब.”

“ठाऊक आहे.”

“आणि चुकलं तर?”

चाचींनी सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“शिडं उतरवा!”

“कप्तान, तिकडे बाई गुदमरतायत आणि…” एक खलाशी बोलायला गेला.

“ऐकू आलं नाही काय?”

शिडं उतरली. जहाज थांबलं. आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. माझ्या सांगण्यावरून आम्ही नुसते उभे होतो, आणि आई तिकडे एकेक श्वास जपून घेत होती. होडी पाण्यात सोडून माणसांनी वल्ही मारत, दोराने ओढून जहाजाचं तोंड फिरवलं. नारिंगी ठिपका समोरून बाजूला गेला.

“लाट सरकत आहे,” ठोकळा म्हणाला. “सरकत आहे… तळाखाली पाणी शांत.”

“चढवा!”

सगळ्यांनी दोर ओढले. मीही ओढले, तळहात सोलवटेपर्यंत. शिडं फाडकन भरली. जहाज हललं, मग चाललं.

“नवी लाट उठत आहे,” ठोकळा म्हणाला.

“चल गं बाई, चल!” मी जहाजाला ओरडत होते. तळाखालून एक जडसा हिसका बसला, वेग अडखळला, आणि मग पुढचं टोक पाणी कापत सुटलं.

“जहाज लाटेच्या पुढे आहे.”

चाचींनी सुकाणू वळवलं. वेग जराही न सोडता मोठा वळसा घेत आम्ही आईकडे निघालो. सूर्य पाण्याला टेकला होता.

यारीने गोळा उचलला. झाकण उघडलं तेव्हा आईचे ओठ निळसर पडले होते. मिठी मारायची सोडून मी तिच्यावरच खेकसले, “कशाला गेलीस एवढ्या लांब?” आणि भोकाड पसरलं.

“ही पोर नसती तर मी शिडं ताणतच बसले असते गो,” चाची म्हणाल्या, आणि त्यांनी ओढणीने डोळे पुसले.

आईला धड बसता येत नव्हतं, तरी तिचं सुरू झालं. “कुठवर पसरलंय हे पाणी? मोजायला हवं. आता जगभर पुन्हा शिडाची जहाजं निघतायत, त्यांना मृतजलाचा नकाशा लागेल. शालू, नळ्या आण.”

“उद्या!” मी ओरडले. “उद्या दोघी मिळून मोजू. आज तू फक्त श्वास घ्यायचास.”

आई हसली आणि मुकाट आडवी झाली. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले. तो वर-खाली होत होता.