कृपालीचा बहरांक

२०६१च्या महिला कबड्डी साखळीत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत त्या दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती. मुरुड संघाच्या प्रशिक्षक वासंती म्हात्रे यांच्यापुढे नागपूरचा प्रस्ताव सकाळपासून पडून होता. नागपूर आपली मुरलेली चढाईपटू रेश्मा शेख द्यायला तयार होतं. बदल्यात हवी होती एकोणीस वर्षांची कृपाली ठाकूर.

“दोघींचे बहरांक मिळाले,” संघाच्या शरीरशास्त्रज्ञ डॉ. केळुसकर आत येत म्हणाल्या.

खेळाडूचं शरीर ऐन भरात असण्याचा काळ कधी संपतो ते सांगणारा अंक म्हणजे बहरांक. स्नायूंच्या पेशींत वयाच्या सूक्ष्म खुणा उमटत जातात. रक्ताच्या थेंबातून त्या वाचल्या, की भर कोणत्या महिन्यात ओसरणार ते गणिताने सांगता येई. मात्र विशीच्या आतल्या खेळाडूचा अंक तिच्या संघापुरताच राही. तिला स्वतःलाही तो वीस पूर्ण झाल्यावरच कळे.

“रेश्माचे चार महिने उरलेत. करंडकाला पुरेत. कृपालीचा भर...” डॉक्टर अडखळल्या. “गेल्या मार्चमध्येच संपलाय.”

“एकोणिसाव्या वर्षी?”

“होतं काहींचं असं. देऊन टाका तिला, वासंतीताई. नागपूरला वाटतंय, दहा वर्षांची बेगमी झाली.”

खाली मैदानावर कृपाली सराव करत होती. तिघींच्या कोंडाळ्यातून ती हसत निसटली.

“भर संपल्यावरही जी खेळत राहिली, तिचं काय होतं?”

“तशी नोंदच नाही. अशांना कुणी खेळवत नाही ना.”

पावणेसहाला वासंतीताईंनी नागपूरला नकार कळवला. ठाऊक असून पोरीला खपवणं त्यांच्याच्याने होईना. संघमालक भडकले. मुरुड उपांत्य सामन्यात दोन गुणांनी हरलं, रेश्माच्या जोरावर नागपूरने करंडक नेला. पण मोसमात सर्वाधिक गुण होते कृपालीचे. डॉक्टरांनी चक्रावून तिचं रक्त पुन्हा तपासलं. अंक तोच आला.

जानेवारीत कृपालीला वीस पूर्ण झाली आणि कायद्याप्रमाणे बहरांकाचं पाकीट तिच्या घरी पोचलं.

“ताई, तुम्हाला म्हाईत होतं?” दुसऱ्या दिवशी तिने विचारलं.

“होतं.”

“मग मला खेळवलंत कशाला?”

“तू खेळत होतीस म्हणून! स्वतःचे गुण बघ ना, बाळा.”

तिने मान डोलावली आणि ती सरावाला मैदानात उतरली. मध्यरेषा ओलांडून चार पावलं गेली, मग थबकली. आपल्याच गुडघ्यांकडे ती परक्याचे असल्यासारखं बघत राहिली. पकड करणाऱ्या मुलींना धावावंही लागलं नाही.

वासंतीताईंनी तिला समजावलं, रागावलं, जवळ घेतलं. महिनाभरात तिचे गुण निम्म्यावर आले.

डॉ. केळुसकरांनी वार्षिक तक्त्यात नोंद केली: भर ओसरला, भाकीत बरोबर.

वासंतीताईंनी ती वाचली. “आणि तिने पाकीट उघडलं, हे कुठे लिहिणार?”

डॉक्टरांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. तसा रकानाच नव्हता.