स्वतः पाहिलेले

उगमरेषेचा कायदा लागू होऊन तीन महिने झाले होते, आणि विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सकाळचा चहा आता वादाशिवाय पार पडत नव्हता. यंत्राने दिलेल्या उत्तरातल्या कुठल्याही वाक्यावर बोट ठेवलं की त्याखालून एक बारीक निळी रेघ निघायची. मागे मागे जात, ते वाक्य जगात पहिल्यांदा कोणी आणि कधी लिहिलं तिथे जाऊन ती थांबायची. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या भोसेकरांनी चाळीस वर्षं जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचं टाळलं होतं. त्या सल्ल्याचं मूळ एका पाचक चूर्णाच्या जाहिरातीत निघालं, तेव्हा ते दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

त्यांची थट्टा करण्यात ग्रंथपाल शरयू टिपणीस सगळ्यांत पुढे होत्या. त्या सोमवारीही त्या हसतच होत्या, इतक्यात दारातून एक बाई आत आली. वय पस्तिशीच्या आसपास, डोक्यावरून ओढणी, हातात प्लॅस्टिकची फाइल.

"मी रुखसाना मुकादम. बाणकोटहून आलेय," ती म्हणाली. "एक जुनी पुस्तिका हवी होती. यंत्र म्हणतं, तिची छापील प्रत फक्त तुमच्याकडे आहे."

तिने फाइलमधून छापील कागद काढून टेबलावर पसरला. उगमरेषेचा नकाशा होता तो. वरच्या बाजूला बत्तीस ठिकाणं होती: वकिलांची संकेतस्थळं, खलाशांच्या संघटनांची माहितीपत्रकं, यंत्राची उत्तरं. प्रत्येकातून एक रेघ खाली येत होती. खाली सगळ्या रेघा एकाच नावाला मिळत होत्या.

'चिनी कायदा कुठे शोधावा: संदर्भसाधनांची मार्गदर्शिका. लेखिका शरयू गडकर.'

गडकर हे शरयूबाईंचं माहेरचं नाव.

त्यांनी रुखसानाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. आवाज आपलाच आहे ना, असं त्यांना वाटत होतं. "कशासाठी हवी आहे?" त्यांनी विचारलं.

रुखसानाने सांगितलं ते असं. तिचा नवरा इलियास मालवाहू जहाजावर होता. गेल्या वर्षी चीनच्या एका बंदरात जहाज लागलेलं असताना तो नाहीसा झाला, आणि तीन आठवड्यांनी धक्क्याजवळ त्याचा देह सापडला. बोटांच्या ठशांवरून ओळख पटली. बंदराच्या शहराकडून पत्र आलं की नातेवाइकांनी 'स्थानिक नियमात दिलेल्या मुदतीत' कागदपत्रांसह देह ताब्यात घ्यावा. मुदत किती, ते पत्रात लिहिलं नव्हतं. तिने यंत्राला विचारलं, वकिलांनीही यंत्रालाच विचारलं. सहा महिने, असं उत्तर आलं.

"माझे सासरे निघाले होते," ती म्हणाली. "तेही जहाजावरचेच. म्हणाले, कागद मागून येतील, मी जाऊन मुलाजवळ उभा राहतो. मीच थांबवलं. म्हटलं, अब्बा, सहा महिने आहेत, सगळे शिक्के नीट घेऊन जाऊ. चौथ्या महिन्यात कागद पाठवले, तर उत्तर आलं की मुदत कधीच संपली, देहाचं दहन झालं. आमच्यात माणसाला आग देत नाहीत, मॅडम. त्या दिवसापासून सासरे माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं, सहा महिन्यांचं मीच मनाने सांगितलं. यंत्राचं, वकिलांचं ते मानत नाहीत. पुस्तिकेत छापलेलं दाखवलं तर विश्वास ठेवतील."

पुस्तिका मागच्याच कपाटात होती. उठून आणायला एक मिनिट लागलं असतं.

"ती बांधणीला गेली आहे," शरयूबाई म्हणाल्या. "गुरुवारी या."

रुखसाना कोंढव्याला बहिणीकडे उतरली होती. बंदराकडून आलेल्या पत्रांच्या प्रती टेबलावर ठेवून, येते म्हणाली आणि गेली. भोसेकरांनी शरयूबाईंकडे पाहिलं. ग्रंथालयातलं काय बांधणीला गेलं आणि काय नाही, हे त्यांना पाठ होतं. मग खाली पाहून त्यांनी देवघेवीची नोंदवही उघडली, आणि तेच शरयूबाईंना जास्त लागलं.

दार लावून घेऊन त्यांनी कपाटातून पुस्तिका काढली. बावीस वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीवर चीनला असताना त्यांनी ती लिहिली होती. तेव्हा भारतात चिनी कायद्याचा अभ्यास करायचा म्हटलं तर सुरुवात कुठून करायची हेच कोणाला ठाऊक नसे. देशाचे कायदे वेगळे, मंत्रालयांचे नियम वेगळे, आणि त्याखाली प्रत्येक शहराचे स्वतःचे नियम, जे त्या त्या शहराच्या राजपत्रात, म्हणजे 'गोंगबाओ'त छापले जात. कुठला नियम कुठल्या अंकात आहे, इंग्रजी भाषांतरावर किती विसंबावं, निकालांचे संग्रह कुठे मिळतात, हे सगळं त्यांनी पायपीट करून जमवलं होतं. जे मूळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्या नोंदीपुढे त्यांनी चांदणी छापली होती. प्रस्तावनेत लिहिलं होतं, 'चांदणी म्हणजे लेखिकेने स्वतः पाहिलेले.'

त्या बंदराच्या शहराची नोंद सत्तेचाळिसाव्या पानावर होती. 'बेवारस देहांसंबंधी नियम. मुदत सहा महिने, त्यानंतर दहन.' पुढे चांदणी.

त्यांनी तो नियम पाहिला नव्हता.

हे त्या विसरल्या होत्या असंही म्हणता येत नव्हतं. त्या शहराच्या दप्तरखान्यात त्या गेल्या होत्या. खिडकीवरच्या माणसाने विद्यापीठाचं लाल शिक्क्याचं पत्र मागितलं आणि गुरुवारी यायला सांगितलं. गुरुवारी वर्गातल्या मुली गरम पाण्याच्या झऱ्यांवर निघाल्या होत्या. शरयूही गेली. परतल्यावर तिने शेजारच्या शहराचा नियम डोळ्यांपुढे ठेवून ही नोंद लिहून टाकली. सगळ्या पानावर चांदण्या आणि एकच नोंद बोडकी राहिली, तर मार्गदर्शक विचारतील, म्हणून तिच्यापुढेही चांदणी दिली. कोण वाचतंय, असं तेव्हा वाटलं होतं.

आणि खरोखरच माणसांपैकी फारसं कोणी वाचलं नव्हतं. यंत्रांनी वाचलं. त्या शहराची जुनी राजपत्रं कधी महाजालावर आलीच नाहीत. नवी आली तीही पुढे बाहेरच्या देशांतून उघडेनाशी झाली. त्या नियमाबद्दल चीनबाहेर कुठेही काही लिहिलेलं उरलं होतं ते एवढंच, आणि वर चांदणी. यंत्राने तिच्यावर विश्वास ठेवला होता.

सोमवारी दुपारीच त्यांनी त्या शहराच्या दप्तरखान्याला पत्र लिहिलं. भाषांतरयंत्र लावलं नाही. गंजलेल्या चिनीत, शब्दकोश उघडून, चार ओळी लिहायला त्यांना दोन तास लागले. बुधवारी सकाळी उत्तर आलं. शेन नावाच्या कोणा बाईंनी राजपत्राच्या तीन पानांची छायाचित्रं पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'आणखी काही लागल्यास कळवा.'

एक पत्र आणि दोन दिवस. शरयूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तो परत लावला नाही.

मग त्या वाचू लागल्या. मुदत साठ दिवस होती. शेजारच्या शहराशी हिचा काही संबंध नव्हता. पण अकराव्या कलमापाशी त्या थबकल्या. मृताच्या धर्मात वा समाजात दफनाची रीत असल्याचं ओळखपत्रांवरून दिसत असेल, तर दहन न करता देह शहरातल्या मशिदीच्या समितीकडे सोपवावा, असं तिथे लिहिलं होतं. त्यांनी तीनदा वाचलं. नंतर रुखसानाने ठेवलेली, बंदराकडून आलेल्या मूळ उत्तराची प्रत काढली. त्यात 'दहन' हा शब्दच नव्हता. 'छूली' असा शब्द होता. व्यवस्था लावली, एवढाच त्याचा अर्थ. ती कशी लावली हे पत्र सांगत नव्हतं. यंत्राने मराठी करताना ती जागा भरली होती, आणि ती कुठून भरली हे पाहायला उगमरेषेची गरज नव्हती.

गुरुवारी रुखसाना आली तेव्हा भोसेकर आपण होऊन बाहेर गेले. शरयूबाईंनी पुस्तिका तिच्यापुढे ठेवली.

"ही बांधणीला गेली नव्हती," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी खोटं बोलले. शरयू गडकर मीच."

शरयूबाईंनी मग चांदणीचं सांगितलं, खिडकीवरच्या माणसाचं सांगितलं, झऱ्यांचंही सांगितलं. ते गाळावं असं फार वाटत होतं.

"म्हणजे तुम्ही तो कागद पाहिलाच नव्हता," रुखसाना म्हणाली.

"नाही."

"मग खूण का केलीत?"

"खूण नसती तर मला कोणीतरी विचारलं असतं."

रुखसानाने पुस्तिका उघडली, सत्तेचाळिसावं पान काढलं, आणि त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. "माझं डोकं फिरलंय असं मला वाटायला लागलं होतं," ती हळूच म्हणाली. "कोणी सांगितलं, कुठे वाचलं, काही सांगता येईना. सासरे समोर बसलेले असले की मी मान वर करायची नाही. माझ्या मुलीही माझ्याकडे तशाच बघायला लागल्या." ती रडली नाही. "तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही."

"ते मागायला मी बोलावलं नाही," शरयूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिला अकरावं कलम दाखवलं. एकेका अक्षरावर पेन्सिल ठेवून अर्थ सांगितला. मग 'छूली' दाखवला.

रुखसानाचा चेहरा प्रथम उजळला आणि लगेच आक्रसला. आणखी एकदा कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा की नाही, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तिने ओढणी सारखी केली आणि फोन काढला.

"हे मी सांगितलं तर सासरे ऐकणार नाहीत. तुम्ही सांगा. सगळं सांगा, फक्त हे चांगलं तेवढंच नाही."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. शरयूबाईंनी नाव सांगितलं आणि विचारलं, "काका, दहा मिनिटं ऐकाल का?" तिच्या सासऱ्यांनी, कासम मुकादमांनी, ऐकलं. मार्गदर्शिकेचं, चांदणीचं सांगताना शरयूबाईंना एका ठिकाणी थांबून पाणी प्यावं लागलं. तुमच्या सुनेने मनाने काही सांगितलं नव्हतं, चूक माझी, हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. शेवटी अकरावं कलम वाचून दाखवलं.

"रुखसाना तिथेच आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आहे, काका. समोर बसली आहे."

"तिला म्हणावं, जेवून निघ. उपाशी प्रवास करू नको." मग आवाज जरा कोरडा झाला. "आणि बाई, हा नियम तुम्ही या खेपेला स्वतः वाचलात?"

"हो. मूळ छापील पानावर."

"आणि माझ्या पोराला त्यांनी तसंच पुरलं, हे?"

शरयूबाईंच्या ओठांवर 'बहुधा' हा शब्द आला होता. रुखसाना त्यांच्याकडे पाहत होती.

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "नियम पाहिला. कबर पाहिलेली नाही. मशिदीच्या समितीला आज पत्र लिहिते."

"लिहा. पण पत्राला उत्तर येईल ते कागदावरच येईल," कासम मुकादम म्हणाले. "तिथल्या दगडावर नाव त्यांच्या अक्षरात असणार. आमच्या घरात ते वाचता येणारं कोणी नाही. आता तुम्हीच सांगा बाई, तिथे जाऊन बघणार कोण?"