सयूचा सातवा पहिला सामना

ताश्कंदच्या स्टेडियममध्ये सामना सुरू व्हायची वेळ झाली होती आणि सयू इंगवले बेसिनवर वाकून ओकत होती. पहिल्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्याआधी कुणीही घाबरतं. पण सयूचा हा सातवा सामना होता. आधीच्या सहांतलं तिला काही आठवत नव्हतं, एवढंच.

ही सगळी 'वेध'ची कृपा. वेध हे यंत्र खेळाडूच्या सवयी वाचतं आणि ती पुढे कुठे वळणार, ते समोरच्या संघाला आधीच सांगून मोकळं होतं. अनुभव जितका जास्त, तितकं वाचणं सोपं. मग आपल्या शहाण्यांनी तोड काढली, की प्रतिहल्ला करणारी मुलगी कायम नवखीच ठेवायची. सामना संपला की संघाचे डॉक्टर बापट तिला एक टोपी घालायला लावून त्या सामन्याची आठवण पुसून टाकायचे. मुली त्याला 'पाटी पुसणं' म्हणत. घाबरलेल्या माणसाचा यंत्राला नेम लागत नाही, असा त्या शहाण्यांचा होरा. दर वेळी नव्याने घाबरायचं काम मात्र सयूच्या वाट्याला आलं होतं.

जुन्या सामन्यांबद्दल तिच्याशी बोलायला सगळ्यांना बंदी होती, अगदी कोल्हापूरहून फोन करणाऱ्या वडिलांनाही. गोलरक्षक आणि कर्णधार फिलोमेना, मडगावची, तिने मुकाट्याने लिंबूपाणी पुढे केलं.

डाव ठरलेला होता. सगळ्यांनी आपल्या गोलसमोर ठाण मांडायचं आणि चेंडू मिळाला, की लांबवर सयूकडे धाडायचा. पूर्वार्धात तिने दोनदा घाबरून तो बाहेरच लाथाडला. अखेर शेवटच्या मिनिटाला फिलोमेनाच्या फेकीवर ती सुटली. पुढे फक्त समोरच्या संघाची गोलरक्षक. सयू घाबरलेलीच. तिने डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, मग उजव्या पायाने मारलं.

ती गोलरक्षक आधीच त्या बाजूला झेपावली होती. चेंडू अलगद तिच्या हातात गेला, तिथूनच उलटा हल्ला झाला आणि आपल्यावर गोल बसला. विश्वचषकाला जायचं, तर आता आठवड्यानंतरचा कोल्हापूरचा परतीचा सामना जिंकायलाच हवा होता.

कपडे बदलायच्या खोलीत सयू हमसून हमसून रडत होती. डॉक्टरांनी टोपी तिच्या हातात दिली. नको असेल तर सक्ती नाही, फक्त मग कोल्हापूरच्या सामन्यासाठी संघात नाव नसेल, असं ते हळूच म्हणाले.

फिलोमेनाने बंदी मोडली. "सयू गो, ऐक. सातही वेळा तू डावीकडे बघून उजव्याने मारलंस. तुझी भीतीच वाचलीय त्यांनी. तुला शिकूच दिलं नाही, तर ती बदलणार कशी?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"दर वेळी सांगितलं. इथेच, ही टोपी तुझ्या हातात असताना. दर वेळी तू नको म्हणालीस आणि मग घातलीस."

आपण तसंच केलं असणार, हे सयूला पटलं. आजचं आठवत राहिलं, तर जीव जाईल इतकं दुखणार होतं. आणि पुसलं, तर आठवड्याने वडिलांच्या डोळ्यांदेखत ती पुन्हा डावीकडे बघणार होती.

तिने टोपी घट्ट धरली. "ताई, मागच्या वेळी घालण्याआधी मी काय विचारलं होतं?"

फिलोमेनाने मान खाली घातली.

"हेच."