सगळे घरी

बस जरा जवळ. वीज काही इतक्यात यायची नाही. दुपारी तुझ्या त्या काळ्या पडद्यावर तू टाइप करत होतीस, आणि एवढ्या लांबलचक हुकमाला दोन अक्षरांचं नाव कसं दिलंस ते मला कौतुकानं दाखवत होतीस ना, तेव्हाच मला सिराजभाईंची आठवण झाली. मी त्यांना कधी पाहिलं नाही. तरी त्यांच्याइतकं जवळून मी ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला ओळखलं नाही.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये माझी बदली मुळशीला झाली. ताम्हिणीच्या अलीकडे एका टेकाडावर आमच्या खात्याचं पाऊस मोजायचं केंद्र होतं. पुढच्या खोलीत पडदा आणि कळफलक, मागच्या खोलीत कपाटाएवढा संगणक, बाहेर जनरेटर. आजूबाजूच्या डोंगरांवर चार पर्जन्यमापकं होती. कोंडिबा रोज पायी हिंडून त्यांचे आकडे आणायचा आणि मी ते यंत्रात भरून पुण्याला पाठवायची. माझ्या आधी हे काम सिराज मुलाणी करत होते. माघात हृदयाचा झटका येऊन पुण्याच्या एका इस्पितळात ते गेले. खालच्या वाडीत त्यांचं घर होतं, आणि राहायला दुसरी जागा नसल्यामुळे त्यांच्याच बायकोनं, जोहराबीनं, मला एक खोली दिली. मी तिला चाची म्हणायची. ती मला पोरी म्हणायची आणि माझं जेवण झाल्याशिवाय स्वतः जेवायची नाही.

पहिल्याच दिवशी यंत्र सुरू केलं आणि मी चमकले. तुला माहीत आहे, हुकमाची वाट बघताना यंत्र ओळीच्या सुरुवातीला एक खूण दाखवतं. माझ्या आधीच्या ऑफिसात नुसतं डॉलरचं चिन्ह असायचं. इथं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: sagle ghari. सगळे घरी. अक्षरं इंग्रजी, कारण तेव्हा यंत्राला मराठी लिपी येत नव्हती, पण भाषा अगदी मावळातली.

कोंडिबा निघायला लागला तेव्हा त्याचा अर्थ कळला. दाराशी छत्री टेकवून तो कळफलकापाशी आला आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत त्यानं टाइप केलं: chaloy kondiba tekdi. लगेच ती खूण बदलली. baher: kondiba, tekdi.

"आता मी येऊस्तवर ह्ये असंच ऱ्हातंय," तो म्हणाला. "आलो की 'आलो' म्हनून लिवायचं. मग सगळे घरी."

"हे कुणी केलं?"

"सायबांनी. मागल्या साली वाडीतल्या गोजराबाईचा नवरा रानात पाय घसरून पडला, दोन दिस कुनाला ठावं न्हाई. तवापासनं. म्हनले, कोंड्या, पाऊस मोजून झाला न्हाई तरी चालंल, मानूस मोजला पायजे."

यंत्र सुरू होताना जी फाइल आधी वाचली जाते, ती मी त्या संध्याकाळी उघडली. सिराजभाईंनी सगळी हौस तिच्यात पुरवली होती. आकडे गोळा करायच्या भल्यामोठ्या हुकमाचं नाव pavus. पुण्याला पाठवायचं dhaad. चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून पुसायच्या हुकमाआधी प्रश्न यायचा: nakki ka bhau? प्रत्येक ओळीवर त्यांनी स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती. 'कोंडिबाला कमी दिसतं, मध्ये जागा सोडावी.' 'हे नीट चालत नाही, पण आवाज गोड येतो.' साडेपाच वाजले की पडद्यावर आपोआप एक ओळ उमटायची: जोहरा वाट बघत असेल, निघा.

ती ओळ मी चाचीला सांगितली. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"तोंडानं कदी म्हनले न्हाईत," ती म्हणाली. "मशिनीला सांगितलं व्हय."

पण मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, नव्यानं शिकून आलेली, आणि वरून पत्र आलं होतं की केंद्रातलं यंत्र नियमाप्रमाणे ठेवावं. मी रोज थोडं थोडं पुसायला लागले. आज pavus, उद्या dhaad. प्रत्येक वेळी यंत्र विचारायचं, नक्की का भाऊ? आणि मी हो म्हणायची. साडेपाचची ओळ मात्र ठेवली. ती माझ्याच्यानं पुसवली नाही.

जुलैचा तिसरा आठवडा होता. चार दिवस धुकं उठलं नव्हतं. मुळशीतलं धुकं तू पाहिलेलं नाहीस. खिडकी उघडली की ते आत येतं, कागद ओले होतात, आणि भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्या दिवशी सकाळी मला कणकण होती. चाची जाऊ नको म्हणत होती, पण मी डबा न घेताच निघून आले. कोंडिबा दोनच्या सुमाराला वरच्या वाटेनं परतला, त्यानं 'आलो' लिहिलं आणि कोपऱ्यात शेगडीपाशी धोतर-घोंगडी वाळवत बसला.

सगळे घरी.

मला वाटलं, आता ही खूणही काढून टाकावी. मी फाइल उघडली, ती ओळ पुसली, तिथं डॉलर लिहिला. बदल लागू व्हावा म्हणून यंत्रातून बाहेर पडले आणि पुन्हा आत शिरले. पडदा क्षणभर काळा झाला. मागच्या खोलीतल्या पंख्याची घरघर एकदम मोठी वाटली. मग अक्षरं उमटली.

baher: siraj, odha.

मी ती ओळ दोनदा वाचली. फाइल पुन्हा उघडली. तिच्यात डॉलरच होता, मी लिहिला होता तसाच. मग जाणाऱ्या-येणाऱ्यांची यादी उघडली. कोंडिबाच्या खाली नवी नोंद होती. सिराज. ओढा. निघाले तीन वाजून दहा मिनिटांनी. माझ्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी ती नोंद पुसली. नक्की का भाऊ? हो. कळ दाबली. baher: siraj, odha.

"कोंडिबा, तू काही लिहिलंस का आत्ता?"

"म्या? न्हाई."

"मग हे बघ जरा."

तो उठून आला. डोळे बारीक करून त्यानं एकेक अक्षर जुळवलं, आणि मग पडद्यापासून हळूच एक पाऊल मागे सरला. खोलीत ओल्या घोंगडीचा वास होता. त्यात कुठून तरी विडीचा वास मिसळला... कोंडिबा विडी ओढत नसे.

"सायेब उगा भाईर जायचं न्हाईत," तो अगदी हळू म्हणाला. "कुनी अडाकलं तरच... बाई, ओढ्यावर कुनीतरी हाय."

"कोण असणार? आपण दोघंही इथंच आहोत."

 त्यानं खुंटीवरचा दोर काढून खांद्यावर टाकला. मी बॅटरी घेतली. खरं सांगते, जायचं म्हणून मी निघाले नाही. त्या पडद्यासमोर एकटी बसायची हिंमत नव्हती, म्हणून निघाले.

खालच्या वाडीची वाट ओढ्यावरून जायची. ओढ्यावर लाकडी साकव होता. आम्ही एकमेकांचा हात धरून उतरत होतो. दोन हातांपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि पाण्याचा आवाज चारी बाजूंनी येत असल्यासारखा वाटत होता. कोंडिबा एकदम थांबला. त्यानं पायानं चाचपलं. साकवाचं पहिलं लाकूड होतं. पुढं काही नव्हतं. वर कुठं तरी पाऊस कोसळला होता आणि साकव वाहून गेला होता.

"कोण आहे?" मी हाक मारली.

"मी हाय, पोरी."

पलीकडून चाचीचा आवाज आला, रोज स्वयंपाकघरातून यायचा तसा. बॅटरीच्या उजेडात ती अंधूक दिसली. पलीकडच्या काठाला, मोडक्या साकवाच्या अगदी टोकाशी उभी होती. डोक्यावर इरलं, हातात डबा. पुढच्या पावलाला पाणी होतं.

"चाची, हलू नका."

"मी कशाला हलतीया. मला थांब म्हनलंय."

कोंडिबा वरच्या अंगाला जाऊन, खडकांचा अंदाज घेत, दोर झाडाला बांधून पलीकडे गेला. अर्धा तास लागला. वाडीकडची वाटही तोवर पाण्याखाली गेली होती, म्हणून चाचीला अलीकडेच आणायचं ठरलं. खडकांवरून पाय टाकत ती आली तेव्हाही तिच्या हातातला डबा सुटला नव्हता. मी तिला मिठी मारली. ती नखशिखांत भिजली होती. 

"ताप आंगात घिऊन उपाशी गेलीस," ती म्हणाली. "मला घास जाईना. रस्सा केला न निगाले. साकव हाय म्हनूनच पाय टाकीत हुते, तर समोरनं म्हनले, जोहरा, थांब. पोरगी येतीया."

"कोण म्हणालं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याची लाज वाटली.

"तीस वर्सं ऐकलाय त्यो आवाज," ती म्हणाली. "पावसात टोपी न घालता हुबे ऱ्हायले. म्हनलं, घरी या, तर काय बोलले न्हाईत."

आम्ही वर आलो. चाची शेगडीपाशी बसली आणि आधी मला रस्सा प्यायला लावला. नवऱ्याची खुर्ची तिनं पहिल्यांदाच पाहिली. तिनं तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, एवढंच. मग मी भीतभीत कळ दाबली.

sagle ghari.

कोंडिबानं हात जोडले. चाचीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी ते वाचून दाखवलं. ती हसली, आणि मग पदर डोळ्याला लावून बराच वेळ बसली. मला त्या क्षणी भीती अशी वाटलीच नाही. कुणीतरी आपल्याला मोजून घरात घेतलं आहे असं वाटलं. त्या रात्री मी पुसलेलं सगळं आठवून आठवून परत लिहून काढलं, pavus पासून dhaad पर्यंत, त्यांच्या टिपांसकट. केंद्र बंद होईपर्यंत मी त्यातलं अक्षर बदललं नाही. वरून आलेल्या पत्रांना उत्तरं देत राहिले.

फक्त एक गोष्ट मी चाचीला कधी सांगितली नाही.

त्या रात्री आम्ही तिघं केंद्रातच राहिलो, आणि चाची झोपल्यावर मी यादी उघडली होती. सिराजभाईंची नोंद पुरी झाली होती. आले चार वाजून पस्तीस मिनिटांनी, म्हणजे आम्ही उंबरा ओलांडला तेव्हा. त्या यादीत शेवटी एक रकाना होता. परत येणाऱ्यानं, स्वतःला सोडून, आपल्याबरोबर किती जणांना आणलं, त्याचा. कोंडिबाच्या नोंदींपुढे तिथं नेहमी शून्य असायचं. मी, कोंडिबा आणि चाची, आम्ही तिघं आलो होतो.

तिथं चार लिहिलं होतं.

मी कोंडिबाला हलवून उठवलं आणि विचारलं, आपण आलो तेव्हा दार कुणी लावलं?

"म्याच," तो म्हणाला. "तुमी मागं ऱ्हायला हुता न्हवं, म्हनून जरा धरून ठिवलं. तुमी आत आल्याव लावलं."

मी मागं नव्हते. चाचीला धरून मी त्याच्या पुढं आत गेले होते.