कापलेला शेवट

कार्डिफच्या त्या टीव्ही कंपनीच्या जिन्यावरून नेरिस अशी तावातावाने उतरत होती, की वर येणाऱ्या माणसाच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर सांडला.

"माफी मागायची पद्धत असते," तो म्हणाला.

ती थबकली. हा तर रोज संध्याकाळी घराघरांत शिरणारा आवाज... निवेदक एम्लिन रीसचा.

"तुमच्या साहेबांनी माझी मागितली, की मी तुमची मागेन."

नेरिस शाळेत शिकवायची. तिने टीव्हीसाठी एक नाटक लिहिलं होतं. भविष्यातलं एक शहर, प्रत्येक घरात कधीच बंद न होणारा पडदा. त्यावर रोज एका माणसाची अब्रू काढायची आणि लोकांनी जेवता जेवता हसायचं. शेवटी एक बाई पडद्यावर चादर टाकते, तेव्हा तिला पकडायला तिचे शेजारीच येतात. साबणाच्या जाहिरातदारांना हा शेवट खुपला. साहेबांनी तो कापला आणि त्या बाईचं आधीचं हसू तिथे चिकटवलं.

"लोक घाबरतील म्हणे," नेरिस धुमसत होती. "घाबरावं म्हणूनच तर लिहिलंय!"

"मी काय करणार? पुढे येईल तो कागद वाचतो."

"माझ्या नाटकातले सगळे हेच म्हणतात."

त्याचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी तो उभा होता. केसांवर भुरभुर पावसाचे थेंब...

"इथे कसे?"

"कालची बोलणी अपुरी राहिली. म्हटलं, उरलेली ऐकून यावं."

मग रोजच टॅफ नदीच्या काठाने चालणं सुरू झालं. ती संतापून बोलायची, तो ऐकायचा — आणि मध्येच असा बघायचा, की तिचं वाक्य अर्धवटच राहायचं.

नाटक दाखवलं त्या संध्याकाळी नेरिस घरमालकीण मिसेस बेव्हनकडे बसली होती. नाटकातली बाई हसली, नाटक संपलं.

"गोड शेवट केलास गं," मिसेस बेव्हन म्हणाल्या. नेरिसने मुठी आवळल्या.

पडद्यावर एम्लिन आला. त्याने हातातला कागद बाजूला ठेवला.

"हा शेवट लेखिकेचा नाही. तो कापलाय. तिने लिहिलेला मी सांगतो..."

चादरीपर्यंत त्याने सांगितलं. "शेजारी दारात आले..." एवढं तो म्हणाला आणि पडदा काळा झाला. पाठोपाठ साबणाचं गाणं.

मिसेस बेव्हननी उठून टीव्ही बंद केला. "ओळखीचेच शेजारी?" त्यांनी हळूच विचारलं.

नेरिस तोवर दाराबाहेर पडली होती.

कंपनीच्या पायऱ्यांवर तो कोट हातात घेऊन भिजत उभा होता. नोकरी गेली होती.

"माझ्यासाठी केलंत हे?"

"नाही. ते नाटकासाठी. तुमच्यासाठी इथे थांबलोय..."

"कशाला?"

"धीर गोळा करतोय. कागदाशिवाय बोलायची सवय नाही ना... नेरिस, माझं प्रेम आहे तुमच्यावर."

तिचे डोळे भरून आले, तरी कपाळावरची आठी तशीच होती.

"अजून रागावलीयस?" या खेपेला 'तुम्ही' गळून पडलं.

"त्यांच्यावर. उद्या पेपरवाल्यांकडे जाऊन सगळं सांगणार आहे मी." तिने त्याचा ओला हात घट्ट धरला. "आणि तू येतोयस माझ्याबरोबर."